तडजोड करणाऱ्यालाच शिक्षा : अमेरिकेचा स्थलांतर कायदा का बदलत नाही?

रेवाकाठ (मूळ लेख)

७ फेब्रुवारी २०२४ रोजी मी कामावर सुट्टी टाकून अमेरिकन सिनेटचे थेट प्रक्षेपण पाहत बसले होते. ओक्लाहोमाचे रिपब्लिकन जेम्स लँकफर्ड, कनेक्टिकटचे डेमोक्रॅट ख्रिस मर्फी आणि अॅरिझोनाच्या अपक्ष सदस्य कर्स्टन सिनेमा या तिघांनी काही महिने वाटाघाटी करून सीमासुरक्षेचे एक विधेयक तयार केले होते आणि त्यावर चर्चा सुरू करायची की नाही, एवढ्याच प्रश्नावर त्या दिवशी मतदान होते. साठ मते हवी होती. बाजूने ४९ पडली, विरोधात ५०. मसुदा रविवारी संध्याकाळी लोकांसमोर आला होता आणि बुधवारी त्याचा निकाल लागला.

ते विधेयक मुख्यतः मेक्सिकोच्या सीमेविषयी आणि आश्रय मागणाऱ्यांच्या नियमांविषयी होते. मात्र त्यातच पाच वर्षे दरवर्षी ५० हजार जास्तीची ग्रीनकार्डे, म्हणजे कायम वास्तव्याचे परवाने, देण्याची तरतूद होती, त्यांपैकी १८ हजार नोकरीच्या वर्गात होती, आणि एच-वन-बी या नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर आलेल्या पालकांची मुले एकवीस वर्षांची झाली तरी त्यांचा रांगेतला हक्क जाऊ नये अशीही एक तरतूद होती. माझी मुलगी २०११ मध्ये पाच वर्षांची असताना आम्ही न्यू जर्सीत आलो. आमची प्रायोरिटी डेट, म्हणजे ग्रीनकार्डाच्या रांगेत नाव लागल्याची तारीख, २०१४ ची आहे. ती आज एकोणीस वर्षांची आहे आणि आमचा क्रमांक लागण्यापूर्वी तिने एकविसावे वर्ष ओलांडले, तर आमच्या अर्जातून ती बाहेर पडेल. हे सांगितल्याशिवाय या विषयावर लिहिणे मला अप्रामाणिकपणाचे वाटले असते. मी तटस्थ नाही.

रांगेविषयी येथे पूर्वी पुष्कळ लिहिले गेले आहे. १९९० च्या कायद्याने नोकरीच्या वर्गात वर्षाला १,४०,००० ग्रीनकार्डे ठरवली, त्यातच जोडीदार आणि मुलेही मोजली जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला साधारणपणे सात टक्क्यांहून अधिक येत नाहीत. पुण्याहून आलेला संगणक अभियंता दहा-बारा वर्षे थांबतो त्याचे कारण हे आहे. मला येथे मांडायचा आहे तो त्याच्या मागचा प्रश्न. हा कायदा अपुरा आहे हे दोन्ही पक्षांचे नेते गेली वीस वर्षे जाहीरपणे सांगत आले आहेत, दोन्ही पक्षांचे सदस्य एकत्र बसून मसुदे लिहितात, कधी कधी ते मसुदे एखाद्या सभागृहात मोठ्या बहुमताने मंजूरही होतात, आणि तरीही कायदा होत नाही. असे का व्हावे?

शेवटचा मोठा समझोता १९८६ मध्ये झाला. वायोमिंगचे रिपब्लिकन सिनेटर अॅलन सिम्पसन आणि केंटकीचे डेमोक्रॅट प्रतिनिधी रोमानो मॅझोली यांनी तो १९८२ पासून लावून धरला होता. दोन वेळा तो कोसळला आणि तिसऱ्या प्रयत्नात रेगन यांची त्यावर स्वाक्षरी झाली. सौदा असा होता की आधीपासून बेकायदा राहणाऱ्यांना कायदेशीर दर्जा द्यायचा आणि यापुढे बेकायदा कामगार ठेवणाऱ्या मालकांना दंड करायचा. पहिला भाग ठरल्याप्रमाणे पार पडला आणि सुमारे २७ लाख लोकांना कायदेशीर दर्जा मिळाला. दुसरा भाग कागदावरच राहिला, कारण मालकाने ‘जाणूनबुजून’ तसा कामगार ठेवला हे सिद्ध करावे लागत असे, आणि समोर आलेली कागदपत्रे वरवर खरी वाटली तर मालकाची जबाबदारी संपत असे. बनावट कागदपत्रांचा धंदा वाढला. पुढच्या काळात बेकायदा राहणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या पलीकडे गेली.

माझ्या मते आजच्या कोंडीचे बीज येथे आहे. १९८६ च्या सौद्यातले एका बाजूचे देणे लगेच दिले गेले आणि दुसऱ्या बाजूचे देणे नंतर द्यायचे होते, जे कधीच पूर्ण दिले गेले नाही. तेव्हापासून रिपब्लिकन म्हणतात की आधी सीमा बंद करा, मग दर्जाचे बोलू; आणि डेमोक्रॅट म्हणतात की सीमा बंद झाली की तुम्ही दर्जाचे नावही काढणार नाही. दोघांचीही भीती निराधार नाही. ज्या सौद्याचे दोन हप्ते वेगवेगळ्या वेळी द्यायचे असतात, त्यात दुसरा हप्ता येईल याची खात्री कोणी तरी द्यावी लागते, आणि अमेरिकेच्या राजकारणात आज अशी खात्री देऊ शकणारा कोणीही उरलेला नाही.

दुसरे कारण शिक्षेचे आहे. २०१३ मध्ये मॅकेन, ग्रॅहम, रुबियो, फ्लेक हे चार रिपब्लिकन आणि शूमर, डर्बिन, मेनेंडेझ, बेनेट हे चार डेमोक्रॅट एकत्र आले. त्यांचे विधेयक २७ जून २०१३ रोजी सिनेटमध्ये ६८ विरुद्ध ३२ मतांनी मंजूर झाले आणि त्यात नोकरीच्या वर्गातली देशवार मर्यादा काढून टाकलेली होती. प्रतिनिधिगृहात डेमोक्रॅट सदस्य आणि थोडे रिपब्लिकन मिळून ते मंजूर झाले असते, असे तेव्हा बहुतेक जाणकारांचे मत होते. सभापती जॉन बेनर यांनी ते मतदानाला आणलेच नाही. सभागृहात बहुमत असलेल्या पक्षाच्या निम्म्याहून अधिक सदस्यांचा पाठिंबा नसेल तर विधेयक सभागृहापुढे ठेवायचे नाही, असा रिपब्लिकन सभापतींचा एक अलिखित नियम आहे. म्हणजे सभागृहाचे बहुमत बाजूने असूनही पक्षातले बहुमत विरोधात असेल, तर देशाला मत मांडायची संधीच मिळत नाही. स्वतः रुबियो यांना पक्षात इतकी टीका सोसावी लागली की काही महिन्यांतच त्यांनी स्वतःच्या विधेयकापासून अंतर राखायला सुरुवात केली.

या गोष्टीने मी सर्वांत अस्वस्थ होते. विधेयक पाडणाऱ्याला काही सोसावे लागत नाही. जो मधला मार्ग काढतो त्याला मात्र स्वतःच्याच पक्षात जाब द्यावा लागतो. लँकफर्ड हे सिनेटमधल्या अत्यंत पारंपरिक विचारांच्या सदस्यांपैकी एक आहेत, त्यांना वाटाघाटीसाठी त्यांच्याच पक्षाच्या नेतृत्वाने पाठवले होते, आणि त्यांनी आणलेल्या मसुद्यात रिपब्लिकनांनी वर्षानुवर्षे मागितलेल्या अनेक गोष्टी होत्या. ट्रम्प यांनी विरोध जाहीर केल्यावर त्यांच्यासह त्यांच्या पक्षाच्या फक्त चार सदस्यांनी बाजूने मत दिले. डाव्या बाजूचे काही डेमोक्रॅटही विरोधात गेले, हेही नोंदवले पाहिजे.

ज्यांनी या व्यवस्थेचा अभ्यास केला आहे किंवा जे तिच्यात राहतात, त्यांनी आपले मत मांडावे अशी विनंती आहे.

सप्तर्षी_मंडल

रेवाकाठ, लेख मनापासून आवडला. तुम्ही माणसांच्या भीतीविषयी लिहिले आहे. मला नियमांविषयी लिहायचे आहे, कारण आपल्याकडच्या वाचकांना या नियमांची कल्पना पटकन येत नाही.

‘साठ मते’ ही अट अमेरिकेच्या राज्यघटनेत कुठेही नाही. चर्चा थांबवून मतदान घ्या असे सांगणारा ठराव सिनेटच्या नियमावलीतून १८०६ मध्ये, नियम सुटसुटीत करताना, गळून गेला. त्यामुळे कोणीही सदस्य हवा तितका वेळ बोलू शकतो ही स्थिती आली, आणि तिचा हत्यार म्हणून उपयोग पुढे अनेक वर्षांनी सुरू झाला. १९१७ मध्ये दोन तृतीयांश मतांनी चर्चा बंद करण्याची सोय झाली आणि १९७५ मध्ये ते प्रमाण तीन पंचमांशावर, म्हणजे साठ मतांवर, आले. याच सुमारास आणखी एक बदल झाला, ज्याकडे कमी लक्ष जाते. एका विधेयकावर अडवणूक चालू असताना सभागृहाने दुसरे काम करत राहावे अशी समांतर कामकाजाची पद्धत आली. हेतू चांगला होता, परिणाम उलटा झाला. १९५७ मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध स्ट्रॉम थर्मंड यांना २४ तास १८ मिनिटे उभे राहून बोलावे लागले होते. आता कोणाला बोलावेच लागत नाही, अडवण्याचा इरादा कळवला की पुरे. अडवणुकीला जे शारीरिक आणि राजकीय मोल द्यावे लागत होते ते नाहीसे झाले, आणि फुकट मिळणारी गोष्ट मग रोजच वापरली जाऊ लागली.

आता आपल्याकडची तुलना घ्या. भारतात लोकसभेने अर्थसंकल्प नाकारला तर सरकार पडते. एप्रिल १९९९ मध्ये वाजपेयी सरकार विश्वासदर्शक ठरावावर एका मताने पडले आणि प्रश्न जनतेकडे गेला. संसदीय पद्धतीत कोंडीला शेवट असतो. अमेरिकेत अध्यक्ष वेगळ्या निवडणुकीने येतो, प्रतिनिधिगृह वेगळ्या, सिनेट तिसऱ्याच वेळापत्रकाने. तिघेही म्हणू शकतात की जनतेने मलाच कौल दिला, आणि कोणीही दुसऱ्याला घरी पाठवू शकत नाही. हुआन लिंझ या राज्यशास्त्रज्ञाने १९९० मध्ये नेमका हाच धोका सांगितला होता, आणि तेव्हा त्यांनी अमेरिकेला अपवाद मानले होते, कारण तिथले दोन पक्ष आतून एकजिनसी नव्हते. आज ते एकजिनसी झाले आहेत. अपवादाचे कारणच संपले.

काळी_माती

वरच्या दोन्ही लेखनांविषयी आदर बाळगून मला एक हरकत नोंदवायची आहे. ‘पूर्वी तडजोड होत असे, आता होत नाही’ हे वाक्य अमेरिकेच्या इतिहासात इतके निरागस नाही.

१७८७ च्या घटनासभेत गुलामांची गणती तीन पंचमांश माणूस म्हणून करायची हे ठरले, ती तडजोड होती. १८२० मध्ये मिसुरीला गुलामगिरीसह आणि मेनला तिच्याविना प्रवेश मिळाला, तीही तडजोड होती. १८५० मध्ये कॅलिफोर्निया मुक्त राज्य म्हणून आत आले आणि त्या बदल्यात पळून गेलेल्या गुलामांना उत्तरेतून पकडून परत देण्याचा कठोर कायदा झाला. या दोन्हींचे श्रेय हेन्री क्ले यांना दिले जाते आणि अमेरिकेची शालेय पुस्तके त्यांना थोर समझोताकार म्हणतात. १८७६ च्या वादग्रस्त निवडणुकीनंतर हेज यांना अध्यक्षपद मिळाले आणि दक्षिणेतून उरलेले केंद्रीय सैन्य मागे घेतले गेले. त्यानंतर कृष्णवर्णीयांचा मताधिकार जवळजवळ तीन पिढ्या हिरावला गेला. या प्रत्येक वेळी टेबलाभोवती बसलेल्या दोघांचे समाधान झाले, आणि त्याचे मोल अशा माणसांनी चुकवले ज्यांना टेबलापाशी खुर्चीच नव्हती.

विसाव्या शतकाच्या मध्यातला पक्षापक्षांमधला जो सलोखा आज सर्वांना आठवतो, त्याचा पायाही हाच होता. दक्षिणेत डेमोक्रॅटिक पक्षाला स्पर्धाच नव्हती, कारण कृष्णवर्णीयांना मतदानच करता येत नव्हते. त्यामुळे त्या पक्षात दक्षिणेचे परंपरावादी आणि उत्तरेचे उदारमतवादी एकत्र नांदत होते, आणि रिपब्लिकनांमध्ये ईशान्येचे उदारमतवादी होते. पक्षांची सीमारेषा पुसट होती म्हणून ती ओलांडणे सोपे होते. १९५० मध्ये अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या समितीने तक्रार केली होती की दोन पक्षांत पुरेसा फरकच नाही, मतदाराने निवड तरी कशाची करावी! १९६४ चा नागरी हक्क कायदा आणि १९६५ चा मताधिकार कायदा आल्यावर दक्षिणेचे गोरे मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे गेले आणि दोन्ही पक्ष आपापल्या विचारांप्रमाणे निवडून वेगळे झाले. आजची कोंडी ही काही अंशी एका न्याय्य गोष्टीची किंमत आहे, हे मान्य करावे लागते.

१९६४ चे उदाहरण मात्र तुमच्या बाजूचे आहे, तेही देतो. दक्षिणेच्या डेमोक्रॅटांनी ते विधेयक अडवून धरले होते. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांच्याशी बोलून मसुद्यात बदल केले गेले आणि १० जून १९६४ रोजी ७१ विरुद्ध २९ मतांनी चर्चा बंद झाली. त्या ७१ मध्ये २७ रिपब्लिकन होते. ही तडजोड कोणाचा हक्क काढून घेण्यासाठी नव्हती, देण्यासाठी होती. तडजोड झाली की नाही यापेक्षा तिचे मोल कोण चुकवतो हा प्रश्न मला नेहमी मोठा वाटतो.

ओंजळभर

एक शंका विचारते. पक्षांतर्गत शिक्षा होते असे म्हटले आहे, पण ती नेमकी कशी होते? पक्षाने तिकीट नाकारले असे तिथे होत नाही ना?

सप्तर्षी_मंडल

ओंजळभर, तिथे तिकीट पक्षाचा अध्यक्ष देत नाही, प्राथमिक निवडणुकीतले मतदार देतात, आणि अडचण तिथेच आहे. बहुसंख्य मतदारसंघ एका पक्षाकडे इतके झुकलेले आहेत की नोव्हेंबरची निवडणूक औपचारिक असते. खरी लढत उन्हाळ्यातल्या प्राथमिक फेरीत होते आणि तिला फार थोडे लोक येतात.

रेवाकाठ यांच्या २०१३ च्या कथेचा पुढचा भाग यात आहे. १० जून २०१४ रोजी एरिक कँटर हे प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन बहुमताचे नेते, म्हणजे सभापतींच्या खालोखालचे पद असलेले गृहस्थ, व्हर्जिनियातल्या आपल्या मतदारसंघात डेव्ह ब्रॅट या अर्थशास्त्राच्या प्राध्यापकाकडून हरले. हे पद १८९९ मध्ये निर्माण झाले तेव्हापासून ते भूषवणारा कोणीही प्राथमिक फेरीत हरला नव्हता. कँटर यांनी सिनेटच्या विधेयकाला पाठिंबा दिलेलाही नव्हता. लहानपणी आणल्या गेलेल्या मुलांसाठी काही तरी केले पाहिजे, एवढेच ते म्हणत आले होते आणि तेवढ्यावर ‘माफी देणारा’ असा शिक्का बसला. त्या दिवशी सुमारे ६५ हजार लोकांनी मतदान केले. एका मतदारसंघाची लोकसंख्या सात लाखांच्या वर असते. त्यानंतर स्थलांतर सुधारणेचे नाव त्या सभागृहात बराच काळ निघाले नाही.

नियम बदलला की वागणे बदलते का, याचाही थोडा पुरावा आहे. जानेवारी २०२१ मध्ये ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला दहा रिपब्लिकन प्रतिनिधींनी पाठिंबा दिला. २०२२ मध्ये त्यांतले चार उभे राहिले नाहीत, चार प्राथमिक फेरीत हरले, आणि दोन टिकले : वॉशिंग्टनचे डॅन न्यूहाउस आणि कॅलिफोर्नियाचे डेव्हिड व्हालाडाओ. या दोन्ही राज्यांत सर्व पक्षांचे उमेदवार एकाच प्राथमिक फेरीत लढतात आणि पहिले दोन पुढे जातात. अलास्कात अशाच खुल्या फेरीतून पहिले चार पुढे जातात; तिथे महाभियोगात ट्रम्प यांच्याविरुद्ध मत दिलेल्या रिपब्लिकन सिनेटर लिसा मर्कोव्स्की २०२२ मध्ये पुन्हा निवडून आल्या. हे उदाहरण निर्णायक नाही, कारण हरलेल्या चारांपैकी जेमी हेरेरा ब्युटलर याही वॉशिंग्टनच्याच होत्या. तरीही दिशा दिसते.

उलट दिशेचेही सांगतो. पक्षहितासाठी मतदारसंघ आखणे हा केंद्रीय न्यायालयांनी सोडवायचा प्रश्न नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ठरवले. २०२५ मध्ये टेक्सासने जनगणनेची वाट न पाहता रिपब्लिकनांच्या पाच जागा वाढवण्याच्या हेतूने नकाशा बदलला, आणि नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी त्याला उत्तर म्हणून स्वतःचा नकाशा बदलायला संमती दिली. चुरशीचे मतदारसंघ जितके कमी होतील तितका मधल्या माणसाला आधार कमी.

पोटोमॅकपल्याड

मी उत्तर व्हर्जिनियात राहतो. आमच्या गल्लीत केंद्र सरकारच्या नोकरीतली अनेक कुटुंबे आहेत. १ ऑक्टोबर ते १२ नोव्हेंबर २०२५ असे ४३ दिवस सरकार बंद राहिले, हा तोवरचा सर्वांत लांब काळ. त्याआधीचा विक्रम २०१८-१९ च्या ३५ दिवसांचा होता. शेजारच्या घरातली दोन्ही माणसे बिनपगारी होती आणि आम्ही काही कुटुंबे आळीपाळीने त्यांच्या मुलांना शाळेतून आणत होतो. अन्नसाहाय्यावर तेव्हा सुमारे ४ कोटी २० लाख लोक अवलंबून होते. नोव्हेंबरमध्ये ते वेळेवर मिळाले नाही. पगाराविना काम करणाऱ्या हवाई नियंत्रकांच्या तुटवड्यामुळे चाळीस विमानतळांवरची उड्डाणे कमी करावी लागली.

हे ‘बंद’ प्रकरणही घटनेत नाही. १९८० मध्ये महान्यायवादी बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिले की निधी मंजूर नसताना खात्यांनी काम चालू ठेवणे जुन्या कायद्याविरुद्ध आहे. त्याआधी मंजुरीला उशीर झाला तरी कार्यालये चालत राहत. वर्षाची खर्चविधेयके सर्वच्या सर्व मुदतीत मंजूर झाल्याचा अखेरचा प्रसंग १९९६ चा आहे.

रेवाकाठ यांनी लिहिलेला ‘दुसऱ्या हप्त्याचा’ मुद्दा या बंदच्या काळात मला डोळ्यांसमोर दिसला. खर्चविधेयकाला साठ मते लागतात, म्हणून दोन्ही पक्ष बसून आकडे ठरवतात. पण ठरलेला खर्च नंतर रद्द करायला साधे बहुमत पुरते. जुलै २०२५ मध्ये सत्ताधारी पक्षाने परदेशी मदत आणि सार्वजनिक प्रसारण यांचे सुमारे ९ अब्ज डॉलर अशाच साध्या बहुमताने काढून घेतले, आणि ऑगस्टच्या अखेरीस प्रशासनाने आणखी ४.९ अब्ज डॉलर काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, मतदानाशिवायच रोखले. साठ मतांनी केलेला करार पन्नास मतांनी मोडता येत असेल, तर समोरच्याने सही कशाच्या भरवशावर करायची? डेमोक्रॅटांनी आरोग्यविम्याच्या वाढीव अनुदानासाठी सरकार अडवून धरले हे मला पटले नाही, कारण त्याचा भार माझ्या शेजाऱ्यांनी उचलला. पण त्यांचा अविश्वास मला समजतो.

शेवट कसा झाला ते पाहा. डेमोक्रॅटांच्या गटातले आठ सिनेटर पक्षरेषा ओलांडून सरकार उघडण्याच्या बाजूने गेले आणि त्यांना स्वतःच्या पक्षातून प्रचंड रोष सहन करावा लागला. बदल्यात अनुदानावर मतदानाचे आश्वासन मिळाले. ते मतदान ११ डिसेंबरला झाले. डेमोक्रॅटांचे विधेयक ५१ विरुद्ध ४८ ने पडले आणि त्याच दिवशी रिपब्लिकनांचे पर्यायी विधेयकही ५१ विरुद्ध ४८ नेच पडले. दोघांनाही बहुमत होते, साठ कोणालाच नव्हती. वाढीव अनुदान वर्षअखेरीस संपले.

शेवंती_वन

चित्र इतके काळे नाही असे मला वाटते. २०२१ चा पायाभूत सुविधांचा कायदा सिनेटमध्ये ६९ विरुद्ध ३० ने मंजूर झाला, २०२२ मध्ये बंदुकांविषयीचा कायदा ६५ विरुद्ध ३३ ने आणि संगणकचिपांचा ६४ विरुद्ध ३३ ने. २०१८ मध्ये तुरुंगसुधारणेचा कायदा ८७ विरुद्ध १२ ने झाला आणि त्यावर ट्रम्प यांचीच स्वाक्षरी आहे. पैशाचे वाटप असेल तिथे आकडा मधोमध तोडता येतो. पूल तुझ्या राज्यात एक, माझ्या राज्यात एक. ‘या देशाचा माणूस कोण’ असा प्रश्न आला की मधला आकडा सापडत नाही. स्थलांतर या दुसऱ्या प्रकारात मोडते, म्हणून मला तो सर्व कोंडीचा नमुना मानणे योग्य वाटत नाही.

रेवाकाठ

सर्वांचे मनःपूर्वक आभार. शेवंती_वन, तुमचा भेद पटतो, पण दोन गोष्टी जोडते. त्याच पायाभूत सुविधांच्या कायद्याला प्रतिनिधिगृहात तेरा रिपब्लिकनांनी मत दिले आणि त्यांतले मिशिगनचे फ्रेड अप्टन यांना जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. रस्ते आणि पूल यांसाठी! दुसरे असे की देशवार मर्यादेचा प्रश्न हा पक्षांमधला वादच नव्हता. ती मर्यादा काढण्याचे विधेयक १० जुलै २०१९ रोजी प्रतिनिधिगृहात ३६५ विरुद्ध ६५ मतांनी मंजूर झाले. सिनेटमध्ये माइक ली यांनी ते एकमताने संमत करून घेण्याचा प्रयत्न केला, त्या मार्गात एका सदस्याची हरकतही पुरते, आणि ती वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या सदस्यांनी घेतली. इतर देशांच्या अर्जदारांची प्रतीक्षा वाढेल हा डिक डर्बिन यांचा आक्षेप खराच होता आणि तो मी नाकारत नाही. अखेर २ डिसेंबर २०२० रोजी सिनेटने बदललेला मसुदा मंजूर केला, पण दोन सभागृहांचे मसुदे जुळवण्याआधीच काही आठवड्यांत त्या काँग्रेसची मुदत संपली.

काळी_माती, तुमचा प्रश्न मी दोन दिवस मनात घोळवते आहे. २०२४ च्या मसुद्यात माझ्या मुलीसाठी जागा होती, आणि ‘ड्रीमर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या, कागदपत्रांविना लहानपणी आणलेल्या मुलांसाठी काहीही नव्हते. आश्रय मागणाऱ्यांचे दार त्याने बरेच अरुंद केले असते. तो मंजूर व्हावा असे मला मनापासून वाटत होते, आणि त्याचे मोल कोणी चुकवले असते हा विचार त्या दुपारी माझ्या मनात आला नव्हता, हे मी येथे मान्य करते.

२०१२ पासून त्या मुलांपैकी अनेकांना प्रशासनाच्या आदेशाने तात्पुरते संरक्षण आहे. माझ्या मुलीला ते मिळत नाही, कारण ते जून २००७ पासून येथे असलेल्या आणि कायदेशीर दर्जा नसलेल्या मुलांसाठी आहे; आम्ही २०११ मध्ये आलो आणि सदैव कायदेशीर राहिलो. तिच्यासारख्या मुलांसाठी अॅलेक्स पडिला आणि रँड पॉल, म्हणजे एक डेमोक्रॅट आणि एक रिपब्लिकन, यांनी २०२१ मध्ये मिळून विधेयक मांडले होते; त्यावर सिनेटमध्ये मतदान झालेले नाही. मला वाटते की एवढा लहान, कोणाचेही फारसे न बिघडवणारा तुकडा आधी मंजूर करून घ्यावा. सीमेची कडक अंमलबजावणी आणि या मुलांचा दर्जा एकाच कायद्यात, एकाच तारखेला लागू होतील असे लिहावे, म्हणजे दुसऱ्या हप्त्याची वाट कोणालाच पाहावी लागणार नाही.

घरात हे मी बोलून दाखवले तेव्हा मुलीने विरोध केला. तिच्या शाळेतली बारा वर्षांपासूनची मैत्रीण त्या दुसऱ्या गटातली आहे. सोपा तुकडा एकदा कापून घेतला की उरलेल्यांसाठी कोणी पुन्हा टेबलापाशी बसणार नाही, असे तिचे म्हणणे आहे, आणि सगळी मुले एकत्र नसतील तर त्या विधेयकासाठी आपण सिनेटरांच्या कार्यालयात फोन करणार नाही असे तिने मला सांगितले आहे. मी मात्र फोन करते आहे.